डाव्याची दुप्पट

कामशेतच्या चौकात अमृतला अमृत दिसला. विजेच्या खांबाला सुतळीनं बांधलेल्या फ्लेक्सवर तो हेल्मेट घालून, काळा गॉगल लावून, हात जोडून उभा होता. हेल्मेट त्याचंच होतं, गॉगल त्याचाच होता, हनुवटीवरचा तीळही त्याचाच होता. जोडलेले हात मात्र भलत्याच कुणाचे होते. सायकल चालवणाऱ्या माणसाचा हात जोडलेला फोटो मिळणार कुठून, तेव्हा फ्लेक्सवाल्यानं मानेखालचा अमृत एखाद्या माजी उपसरपंचाकडून उसना घेतला असावा. बोटांत अंगठ्या होत्या, मनगटात कडं होतं आणि पोट होतं. वर तांबड्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘चुलत्याच्या प्राणासाठी वाऱ्याशी शर्यत लावणारे बेडसे गावचे सुपुत्र, सायकलवीर मा. अमृतदादा यांचा जाहीर सत्कार’. खाली शुभेच्छुकांचे चेहरे दाटीवाटीनं बसवले होते आणि त्यांतल्या एकालाही अमृत ओळखत नव्हता. त्यानं ब्रेक दाबले, बूट पेडलच्या पकडीतून सोडवला आणि एक पाय जमिनीला टेकला. कानाच्या पाळ्या तापल्या. समोरच्या फळवाल्या बाईनं एकदा खांबाकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि ती पुन्हा पेरूंवर पाणी मारायला लागली. तिला साम्य पटलं नसावं. साऱ्या मावळात त्या घटकेला त्याला फक्त तिच्याविषयी आपुलकी वाटली. ‘छोटासाच कार्यक्रम आहे, आबांना दवाखान्यातून घरी आणलंय, त्यातच उरकून घेऊ,’ एवढंच त्याला फोनवर सांगितलं होतं. शिवाय, ‘सायकलवरच या, फोटोला बरं दिसतं.’

वास्तविक आजचा रविवार त्यानं वेगळ्या कामासाठी राखून ठेवला होता. त्याला पॉवर मीटर निवडायचा होता. पॉवर मीटर म्हणजे माणूस सायकलवर खरोखर किती जोर लावतो ते वॅटमध्ये सांगणारं यंत्र. वेग खोटं बोलतो, कारण त्यात वाऱ्याचा, उताराचा आणि पुढच्या सायकलच्या आडोशाचा वाटा असतो. घाम खोटं बोलतो, कारण काही माणसं बसल्या जागी घामेजतात. पॉवर मीटर खोटं बोलत नाही, अशी सायकलवाल्यांची श्रद्धा आहे, आणि कुठल्याही श्रद्धेप्रमाणे तिच्यातही दोन पंथ आहेत. पहिल्या पंथाचं यंत्र डाव्या क्रँकवर, म्हणजे डावं पेडल ज्या दांडीवर फिरतं तिच्यावर बसतं. ते डाव्या पायाचा जोर मोजतं, उजवाही तेवढंच काम करत असणार असं सद्भावनेनं गृहीत धरतं आणि डाव्याची दुप्पट करून आकडा दाखवतं. दुसऱ्या पंथाचं यंत्र पेडलमध्येच असतं, दोन्ही पायांचं वेगवेगळं मोजतं आणि कोण किती कामचुकार आहे तेही सांगतं. अमृतनं दुकानातून पहिलं आठवडाभर वापरून बघायला म्हणून आणलं होतं, त्याचे चार आठवडे झाले होते. दुसरं प्रज्ञेशकडून मागून घेतलं होतं, तो आता ते परत मागत होता. दोन्ही एकाच सायकलवर बसवून, हँडलवर दोन छोटे पडदे लावून तो महिनाभर हिंडत होता. अमृतचा उजवा पाय जरा आळशी निघाला. त्यामुळे पहिल्या यंत्राच्या मते अमृत चांगल्यापैकी सायकलपटू होता आणि दुसऱ्याच्या मते आपला बरा होता. तळेगावच्या कारखान्यात तो मोजमापाच्या उपकरणांची अचूकता तपासणाऱ्या विभागाचा प्रमुख. केसाच्या जाडीइतका फरक आढळला म्हणून त्यानं ट्रकच्या ट्रक माल परत पाठवला होता, आणि माल पाठवणाऱ्यांच्या रडवेल्या फोनना ‘आकडा म्हणजे आकडा’ असं उत्तर दिलं होतं. तोच माणूस घरी मात्र ‘अजून अभ्यास चाललाय’ म्हणत होता. ‘दोन-दोन मीटर कशाला?’ राजेश्वरीनं, त्याच्या बायकोनं, पोळी उलटता उलटता विचारलं होतं. ‘जे गोड बोलतं ते घे ना. माणसंही तू तशीच निवडतोस.’

राजेश्वरी हे सहज म्हणाली होती. ती बरंच काही सहज म्हणायची. पण त्या वाक्यानंतर अमृतनं पोळीचा घास बराच वेळ तोंडात फिरवला होता, कारण त्याला एकदम प्रज्ञेश आठवला. प्रज्ञेश हा त्यांच्या सायकल गटाचा म्होरक्या, कॉम्प्युटरमधला, पाठ ताठ, दात पांढरे, कुठल्याही गोष्टीची माहिती असणारा. दर रविवारी गट तळेगावहून निघायचा, कामशेतला डावीकडे वळून पवनेच्या रस्त्याला लागायचा, दुधिवऱ्याच्या खिंडीतून लोणावळ्याला उतरायचा, तिथं चहा आणि चिक्कीचा तुकडा, की हायवेनं परत. पहिल्याच रविवारी बेडसे फाट्यावरून जाताना प्रज्ञेशनं डोंगराकडे बोट करून अमृतला सांगितलं होतं, ‘वर लेणी आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीची. लोकल लोकांना किंमत नाही, गुरं बांधायचे तिथं.’ अमृत ‘हो का!’ म्हणाला होता. त्या लेण्यांत गुरं बांधणारा लोकल माणूस म्हणजे तो स्वतःच होता. पावसात म्हशीला आत घेऊन, खांबाला टेकून त्यानं पाढे पाठ केले होते. पण ‘हो का’ निघून गेलं ते गेलं. एकदा ‘हो का’ म्हटलेल्या माणसाला पुढच्या रविवारी ‘अरे, मी इथलाच’ कसं म्हणता येणार? मग प्रज्ञेश दर खेपेला नव्या पाहुण्याला लेणी समजावून द्यायचा आणि अमृत दर खेपेला नव्यानं ऐकायचा. पुढं पुढं तर चैत्य आणि विहार यांतला फरक त्याला प्रज्ञेशकडूनच कळला, हेही खरं. चुलता-चुलती अजून तिथंच राहतात, रस्त्याला लागूनच त्यांचं भाताचं खाचर आहे, आईबाप गेल्यावर त्यांनीच आपल्याला वाढवलं, हे सांगायचं राहून गेलं. लपवलं असं नाही. राहून गेलं. अमृत स्वतःशी बोलताना शब्द फार काळजीपूर्वक निवडायचा.

आणि मग तो रविवार. त्या रविवारापाशी मन गेलं की ते खड्डा चुकवावा तसं बाजूनं निघून जायचं आणि पुढं जाऊन मागं वळून पाहायचं. त्या दिवशी अमृतनं दोन्ही यंत्रांची परीक्षा घ्यायचं ठरवलं होतं. ही परीक्षा म्हणजे चढावर वीस मिनिटं, मध्ये क्षणभरही न थांबता, अंगातला सगळा जोर लावून सायकल मारायची. थांबलात की परीक्षा बाद. अमृत पुढं, प्रज्ञेश आणि बाकीचे दोघं त्याच्या चाकाला चिकटून. भात कापून झालं होतं, खाचरांतून पेंढ्या रचलेल्या होत्या, हवेत कोरड्या पेंढ्याचा वास होता, आणि अमृतचे आकडे त्या दिवशी कधी नव्हे इतके चांगले येत होते. फाट्याचं वळण आलं. रस्त्याच्या कडेला एक म्हातारी उभी होती. लुगड्याचा काचा मारलेला, डोक्यावरचा पदर मागं पडलेला, एक हात वर. खेड्यातली माणसं सायकलवाल्यांना बघून हात करतातच, पोरं तर ओरडतातही; असं प्रज्ञेशनं नंतर सांगितलं आणि अमृतनंही मान हलवली. पण पन्नास पावलांवरून अमृतनं तो हात ओळखला होता. त्या हातानं त्याच्या डोक्याला तेल चोपडलं होतं. त्याला वाटलं, आता ‘अमृत्याऽ’ म्हणून हाक येणार. थांबावं लागणार, चहा घे म्हणणार, पाठीवरून हात फिरवणार, ही पोरं कुणाची म्हणून विचारणार, आणि प्रज्ञेशला कळणार. आणि आकडे जाणार. यांतलं आधी काय वाटलं आणि मागून काय वाटलं, हे ठरवणारं यंत्र अजून निघालेलं नाही. त्यानं मान खाली घातली आणि डावा हात कमरेमागं नेऊन दोनदा झटकला. ही सायकलवाल्यांची खूण आहे. पुढचा माणूस मागच्यांना त्या खुणेनं सांगतो : डावीकडे काहीतरी आडवं आहे, खड्डा, कुत्रं, उभी गाडी, उजवीकडून घ्या. मागच्या तिघांनी शिस्तीत उजवीकडून घेतलं. आणि अमृतनं पाय असे दाबले की मांड्या पेटल्या आणि ते तिघं पार मागं पडले.

त्या दिवशी संध्याकाळी दोन्ही यंत्रांचे आलेख त्यानं एकावर एक ठेवून पाहिले. सबंध रस्ताभर दोघांचं कुठं पटलेलं नव्हतं. फक्त बेडसे फाट्याच्या वळणावर दोन्ही रेघा एकदम उठल्या होत्या, लोहगडाच्या कड्यासारख्या उभ्याच्या उभ्या. आलेख मोबाइलवर साऱ्या गटाला दिसत होताच. ‘फाट्यावर काय जोर लावलास रे!’ कुणीतरी लिहिलं. मुठी आवळलेली चित्रं आली. आणि मग त्याच रात्री गावाकडून बातमी आली, की आबांच्या, म्हणजे त्याच्या चुलत्याच्या, रखमाजीच्या, अंगावरून वारं गेलं, खाचरातच आडवे झाले, तळेगावच्या दवाखान्यात आहेत. आणि अमृत, तू होतास म्हणून रे बाबा. अमृतला आधी कळेना. मग कळलं. अंबूकाकी, त्याची चुलती, सगळ्यांना सांगत होती, की अमृतनं सायकलवरूनच खूण केली, ‘थांब, गाडी धाडतो’, आणि वाऱ्यासारखा गेला, आणि जाऊन त्यानं कामशेतच्या तांदूळवाल्या इर्शादचा टेम्पो धाडला. गटातही हे पोचायला वेळ लागला नाही. आलेखाखाली पुन्हा नव्यानं मुठी आल्या, हात जोडलेले आले, डोळ्यांत पाणी आलेले चेहरे आले. प्रज्ञेशनं लिहिलं, ‘मित्रांनो, ही नुसती पॉवर नाही. ही माया आहे.’ मग त्यानं अमृतला वेगळा फोन करून चाचरत विचारलं, ‘अरे, तू बेडशाचा? मग मी ते लेण्यांचं दर वेळी तुला...’ ‘नाही नाही, तू सांगतोस छान,’ अमृत म्हणाला. दवाखान्यात डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले, ‘थोडं आधी आणलं असतं तर उजवी बाजू कदाचित वाचली असती.’ ते रोज म्हणत असतील, त्याच सपाट आवाजात म्हणाले. त्यावर अंबूकाकी लगबगीनं म्हणाली, ‘आमच्या अमृतनं लय पळवली वो सायकल, डाक्टर. त्याच्या हातात व्हतं तेवढं त्यानं केलं.’ अमृत त्या वेळी भिंतीवरचा हात धुण्याच्या पायऱ्यांचा तक्ता वाचत होता. तो त्यानं इतक्या वेळा वाचला की आता तो झोपेतही शास्त्रशुद्ध हात धुऊ शकला असता.

‘काय सायकलवीर!’ हाक आली तशी अमृत दचकला. चौकातल्याच तांदळाच्या दुकानाच्या पायरीवर इर्शाद उभा होता, बाहीवर तूस, हातात चहाचा ग्लास. दोघं शाळेत एका बाकावर बसलेले. ‘फोटू झ्याक आलाय. पोट कुनाचं म्हनायचं?’

‘इर्शाद, हे कुणी लावलं रे?’

‘कुनी म्हंजी? गावानं. माजं बी नाव हाय की. त्यो बग खालच्या वळीत टोपीवाला. फोटू माजा न्हाई, नाव माजं हाय.’ त्यानं घोट घेतला. ‘सत्काराला निगालास न्हवं? मी बी येतोय मागनं. पेढं माज्याकडंच हायती.’

अमृत सायकल ढकलत पायरीपाशी आला. ‘तुला तर माहीत आहे.’

‘काय?’

‘मी तुला पाठवलं नव्हतं.’

इर्शादनं आत बघितलं. गिऱ्हाईक इंद्रायणी तांदूळ तळहातावर घेऊन हुंगत होतं. ‘हळू बोल. मी पवनेला पोती आनाया चाल्लो व्हतो. फाट्यावर म्हातारी हुबी, आबा बांधावर आडवं. म्हातारी इचारती, अमृतनं धाडलं न्हवं तुला? आता मानूस उचलू का तितं पंचायत भरवू? म्हनलं, व्हय.’

‘मग नंतर तरी सांगायचंस.’

‘मी सांगायचं? जीभ काय मलाच दिल्या का?’ इर्शाद हसत म्हणाला. मग ग्लास खाली ठेवत म्हणाला, ‘आता निगालाच हाईस तर ऐक. माज्या आदी येक जीप थांबली व्हती. म्हातारीनं तिला लावून दिली. आमचा पोरगा गेलाय गाडी आनाया, तुमी जावा, म्हनली. जीपवाला माजं गिऱ्हाईक हाय, त्यानंच सांगितलं. मी कुनाला बोललो न्हाई. तुला बी बोलनार न्हवतो.’

‘मग आत्ता का बोललास?’

‘तो फोटू बगून,’ इर्शाद म्हणाला. ‘रोज दुकान उगडलं की तुज्या तोंडाकडं बगावं लागतंय राव.’

कामशेतहून बेडशाकडे जाणारा चढ तसा काही फार नाही. जीपला तो कळतही नाही. अमृतला मात्र त्या चढाची खड्ड्यांसकट ओळख होती, कारण लहानपणी तो इथून रोज रखमाजीच्या सायकलच्या दांडीवर बसून जायचा-यायचा. काळी, जाडजूड सायकल, मागं दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या, पुढं दांडीवर गुंडाळलेलं पोतं आणि पोत्यावर अमृत. सकाळी दूध आणि अमृत कामशेतला जायचे, दुपारी रिकाम्या किटल्या आणि अमृत परत यायचे. परतीला हा चढ. बाकीचे दूधवाले इथं उतरून सायकल ढकलायचे. रखमाजी उतरायचा नाही. ‘उतरलं की चाकाला सवय लागती,’ म्हणायचा. तो उभा राहून पेडल मारायचा, अंगाचा सगळा भार उजव्या पायावर टाकून, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. आणि दर वेळी त्याची छाती अमृतच्या टाळूवर आपटायची आणि गरम श्वास केसांतून कानापर्यंत उतरायचा. त्या श्वासाला तंबाखूचा आणि दुधाचा वास असायचा. ‘आबा, मी उतरू का?’ ‘गप बस. तुजं कसलं वजन!’ आज अमृतच्या हँडलवर दोन पडदे होते आणि दोघंही त्याच्या पायांचं काहीबाही सांगत होते. एक चापलुशी करत होता, दुसरा वस्तुस्थिती सांगत होता, आणि दोघांनाही ती जीप माहीत नव्हती. उन्हं वर आली होती. त्याच्या मनात आलं, परत फिरावं. पंक्चर झालं म्हणावं, छातीत दुखतंय म्हणावं. मग वाटलं, छातीत दुखतंय म्हटलं तर गाव टेम्पो पाठवेल, आणि धावतपळत पाठवेल. पायांनी आपलं काम चालूच ठेवलं होतं. माणसाच्या मनाशी पायांचं किती थोडं देणंघेणं असतं, हे त्याला त्या फाट्यानं एकदा शिकवलंच होतं. त्यानं ठरवलं, सांगून टाकायचं. सगळ्यांसमोर, शाल अंगावर पडायच्या आत. वाक्यही तयार केलं : ‘मी बघितलं आणि थांबलो नाही.’ छोटं वाक्य होतं. कारखान्यात माल परत पाठवताना तो असंच लिहायचा.

फाट्यावर दुसरा फ्लेक्स होता, पहिल्यापेक्षा मोठा, आणि त्याच्या सावलीत मोरीच्या कठड्यावर अंबूकाकी बसली होती. नवं लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू. त्याला पाहताच तिनं हात वर केला. तसाच. अमृतनं ब्रेक इतक्या लांबूनच दाबले की सायकल तिच्यापर्यंत पोचेना, आणि मग उरलेलं अंतर त्याला खाली उतरून, त्या टकटक वाजणाऱ्या बुटांनी चालत जावं लागलं.

‘आलास? दम लागला आसंल. पानी घे.’ तिनं पदराआडून तांब्या काढला. ‘घरात समदी खोळंबल्यात. म्हनलं आदी मी गाठते.’

‘काकी,’ अमृत म्हणाला. तांब्या हातात घेतला पण तोंडाला लावला नाही. ‘त्या दिवशी टेम्पो मी नव्हता पाठवला.’

‘ठावं हाय.’

रस्त्यावरून एक मोटारसायकल गेली. तिच्यावरच्या पोरानं फ्लेक्सकडे आणि मग अमृतकडे बघून हॉर्न वाजवला.

‘तुज्या डोळ्यावर त्ये काळं व्हतं,’ अंबूकाकी म्हणाली, ‘पर मान कशी खाली गेली त्ये दिसलं की मला. पयल्यांदा न्हाई उमगलं. तू मागं हात केलास, मला वाटलं, थांब म्हनतोय, गाडी आनतोय. जीप आली, तिला लावून दिली. मंग बसले हितंच. बसल्यावर मंग हळूहळू ध्यानात आलं.’ तिनं नाक पुसलं. रडत नव्हती, थंडीचं नाक होतं. ‘तो हात कशाचा व्हता रं?’

‘मागच्यांना खूण करतात,’ अमृत म्हणाला. ‘बाजूला काही असलं की.’

‘काय असलं की?’

अमृतनं पाणी प्यायलं. भरपूर प्यायलं. तांब्या खाली आला तेव्हा ती अजून त्याच्याकडेच बघत होती.

‘खड्डा,’ तो म्हणाला. ‘दगड. असं काही.’

‘आस्सं,’ ती म्हणाली. एखाद्या नव्या भाजीचं नाव कळल्यासारखी मान हलवली. अमृतनं डोंगराकडे पाहिलं, जिथं दोन हजार वर्षांपूर्वीची लेणी होती.

‘मग तू का सांगत सुटलीस सगळ्यांना?’ त्याच्या आवाजात राग आला, आणि तो आलेला पाहून त्याला आणखीच कसंतरी झालं.

‘समद्यांना कुटं? ह्यास्नी सांगितलं. बांधावर पडल्या पडल्या वाचा चालली व्हती, तोंड वाकडं झालं व्हतं, तरी येकच चाललं व्हतं. आम्रुत ग्येला का. आम्रुत थांबला का. त्येंनी बी बगितलं व्हतं तुला, माज्या आदी. लांबनं तुजी सायकल वळकत्यात त्ये. दर आयतवारी तुमी निगून जायापत्तुर बांधाला हुबं ऱ्हायाचं. मंग काय सांगायचं मी? म्हनलं, थांबायाला येळ कुटं, गाडी आनाया गेलाय. तवा गप पडलं. मंग इर्शादचा टेम्पो आला तर त्येला म्होरं हूनशान इचारलं, अमृतनं धाडलं न्हवं? ह्यास्नी आयकू जाईल असं. तो शाना, व्हय म्हनला.’ ती उठली, गुडघ्यावर हात देऊन. ‘फुडचं त्येंनीच क्येलं. बोलता यीना, तरी येनाऱ्या-जानाऱ्याला हातानं सायकल दावत्यात आन् छाती ठोकत्यात. मंग गाव काय, गावाला कारनच लागतंय.’

‘काकी, मी आज सगळं सांगणार आहे.’

‘कुनाला?’

‘सगळ्यांना. आबांना.’

अंबूकाकीनं त्याच्या हातातला तांब्या काढून घेतला, उरलेलं पाणी मोरीत ओतलं. ‘तुला बरं वाटंल,’ ती म्हणाली. ‘त्येस्नी न्हाई वाटनार.’ आणि चालता चालता, मागं न बघता, ‘आत ग्येल्यावर मान खाली घालू नगो. त्येस्नी लगीच कळतंय.’

अंगणात मांडव नव्हता पण खुर्च्या होत्या, आणि जिथं खुर्च्या आहेत तिथं भाषण होतंच. अमृतला शाल मिळाली, नारळ मिळाला, सायकलचं चाक कोरलेलं एक सन्मानचिन्ह मिळालं. ‘दादा, जरा हात जोडा,’ फोटोवाला म्हणाला, ‘त्या दिवशी घाई झाली, आज ओरिजिनल घेतो.’ अमृतनं हात जोडले. वक्ते वाऱ्याशी शर्यतीवर बोलले, नात्यांवर बोलले आणि शहरात जाऊनही मातीला न विसरणाऱ्यांवर बोलले. प्रज्ञेश गाडी घेऊन आला होता, पेडल न्यायलाच खरं तर, पण त्यालाही दोन शब्द बोलायला लावलं आणि त्यानं लेण्यांविषयी सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं. अमृत मान वर ठेवून बसला होता. मानेच्या मागं एक शीर दुखत होती. त्याला वाटलं, मान वर ठेवण्याला किती वॅट लागतात हे कुणी मोजलेलं नाही.

रखमाजी खाटेवर उशांना टेकून बसला होता. उजवा हात मांडीवर कुणीतरी आणून ठेवल्यासारखा होता. त्यानं डाव्या हातानं खूण केली : ती. ती आण. सायकल. अमृतनं भिंतीला लावलेली सायकल खाटेपाशी आणली, इर्शादनं मागून ती उचलून धरली, चाक अधांतरी. रखमाजीनं बोटांनी टायर चाचपलं, घोड्याचं तोंड चाचपावं तसं. मग डावं पेडल मुठीत धरलं आणि फिरवलं. एकदा, दोनदा, मग जोरात. चाक गर्रकन फिरलं आणि हँडलवरचे दोन्ही पडदे जागे झाले. यंत्रांना हात आणि पाय यांतला फरक कळत नाही. एका पडद्यावर नऊ वॅट आले आणि खाली बारीक अक्षरांत, डावा शंभर टक्के, उजवा शून्य. दुसऱ्यावर अठरा. खुर्च्यांवरच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. रखमाजी फिरवतच राहिला, दम लागेपर्यंत, आणि त्याचे डोळे एका आकड्यावरून दुसऱ्याकडे, पुन्हा पहिल्याकडे गेले. त्यानं अमृतकडे पाहिलं. ओठ एका बाजूनं हलले. ‘ख... रं?’

अंबूकाकी दारात उभी होती. अमृतनं आपलं बोट अठरावर ठेवलं.

‘हा, आबा,’ तो म्हणाला. ‘हा खरा.’

‘अरे, पण तो तर नुसता डावा मोजून...’ प्रज्ञेशनं सुरुवात केली आणि इर्शादनं मोकळ्या हातानं त्याच्या तोंडात पेढा कोंबला. त्या यंत्राच्या हिशेबी रखमाजीची उजवी बाजू शाबूत होती. तोच मीटर घ्यायचा, अमृतच्या मनात आलं, आणि आता अभ्यास संपला. रखमाजी हसला, चेहऱ्याची डावी बाजू हसली, उजवी तशीच राहिली. अमृतनं मनातल्या मनात त्या हसण्याची दुप्पट केली, आणि मान खाली घालायची नाही हे लक्षात ठेवून तो तसाच उभा राहिला.